निकाल चुकला म्हणून कोर्ट पाडायचं का?

जुन्या कोर्टाच्या इमारतीचं काय करायचं, हा वाद आपल्याकडे वरचेवर पेटतो. गावाबाहेर नवं न्यायसंकुल मंजूर होतं, भूमिपूजन होतं, आणि मागे राहिलेल्या दगडी इमारतीवरून लोकांचे तट पडतात. एक तट म्हणतो, इंग्रजांनी आपल्याला शिक्षा ठोठावण्यासाठी बांधलेली वास्तू आहे ही, गुलामगिरीची खूण, पाडून टाका. दुसरा म्हणतो, अहो, ती कमान बघा, तो सागवानी जिना बघा, असं काम आता होणे नाही. मग कुणीतरी तडजोड सुचवतं: संग्रहालय करा. सगळ्यांना बरं वाटतं, इमारतीला कुलूप लागतं आणि पहिल्याच पावसाळ्यात कौलांतून पाणी आत शिरतं.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. हे तिन्ही युक्तिवाद मी वकिलांच्या बार रूममध्ये इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांतली उणीव आता उघड दिसते. तिघेही भिंतींबद्दल बोलतात. त्या भिंतींच्या आत कोण कुठे बसत होतं, कुणाला बोलू दिलं जात होतं आणि निकाल कुणाच्या बाजूने लागत होते, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. कोर्टाची जुनी इमारत राखावी आणि तिच्यात कोर्टच चालवावं; सगळं शक्य नसेल तर निदान एक दालन तरी. ती देखणी आहे, हे कारण पुरेसं नाही. तिथे जे घडलं ते त्याच जागी उभं राहून कबूल करता येतं आणि पुढचा खटला त्याच खोलीत नीट चालवण्याचं ओझं आपल्या खांद्यावर राहतं, हे कारण पुरेसं आहे. आणि यासाठी मी दाखला देणार आहे तो अमेरिकेतल्या एका अगदी लहान गावाचा. आपल्या वादाशी त्या गावाचा काही संबंध नाही, म्हणूनच तिथे मुद्दा स्वच्छ दिसतो.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखं प्रशासनाचं एकक, आणि काउंटीचं कोर्टहाउस म्हणजे आपल्याकडची तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचं कार्यालय आणि दिवाणी-फौजदारी न्यायालय हे सगळं एका छताखाली. जमिनीचं खरेदीखत तिथे नोंदवायचं, लग्नाचा परवाना तिथे काढायचा, कर तिथे भरायचा, मृत्युपत्र तिथे सिद्ध करायचं आणि खुनाचा खटलाही तिथेच. ज्या गावात कोर्टहाउस ते गाव मोठं होणार, हे सगळ्यांना ठाऊक असल्याने मुख्यालयाचा मान मिळवण्यासाठी गावं एकमेकांच्या जिवावर उठत. १८८९ च्या जानेवारीत कॅन्ससमधल्या सिमरॉन आणि इंगल्स या गावांत काउंटीचं दप्तर कुणाकडे राहणार यावरून चक्क गोळीबार झाला. टेनेसीतल्या शेल्बीव्हिलच्या नावाने ओळखली जाणारी एक मांडणी दक्षिणेत आणि मध्य-पश्चिमेत फार पसरली: मधोमध चौक, चौकाच्या पोटात कोर्टहाउस, चारही बाजूंनी रस्ते आणि रस्त्यापलीकडे दुकानांच्या रांगा. कोर्टाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ हे गावाचं घड्याळ. बाजाराला आलेला शेतकरी घोडागाडी चौकात सोडायचा, कोर्टातलं काम उरकायचा आणि सामान घेऊन परतायचा.

या इमारतींच्या बांधणीतही विचार होता. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाने जुन्या रोमन धाटणीच्या गोल कमानी, खडबडीत दगडी दर्शनी भाग आणि भक्कम मनोरे यांची एक शैली रूढ केली. पिट्सबर्गचं १८८८ साली पूर्ण झालेलं कोर्टहाउस हा तिचा मोठा नमुना, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं लहान लहान काउंट्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तिचं अनुकरण केलं. टेक्सासात जेम्स रायली गॉर्डनने तर उन्हाळ्यालाच वास्तूत सामावून घेतलं. वॉक्साहॅची गावातलं त्याचं १८९७ चं कोर्टहाउस अधिकच्या चिन्हासारखं आहे. प्रवेश बाहूंमधल्या कोपऱ्यांतून, तिथे सावलीच्या ओसऱ्या, आणि मध्यभागी जिन्याभोवतीची पोकळी थेट मनोऱ्यात उघडणारी. तापलेली हवा मनोऱ्याकडे वर चढायची, ओसऱ्यांतली गार हवा आत ओढली जायची. विजेचे पंखे नसलेल्या काळात खचाखच भरलेल्या दालनात ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाला, दिवसभर बसवायचं, तर ही गरजच होती. आपल्या जुन्या कोर्टांचे व्हरांडे, उंच छत आणि वरच्या झरोक्यांमागेही हेच शहाणपण आहे. ते काढून खाली प्लायवूडचं छत ठोकणाऱ्यांना एप्रिल महिन्यात त्या दालनात उलटतपासणी घ्यायला उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

पण मी सौंदर्याच्या आधाराने बोलणार नाही असं म्हणालो आहे, म्हणून वॉक्साहॅची सोडून मिसिसिपी राज्यातल्या समनरला येतो. टॅलाहॅची काउंटीला दोन मुख्यालयं आहेत, चार्ल्सटन आणि समनर. समनरची वस्ती आज तीनशेच्या आसपास. तिथलं कोर्टहाउस विसाव्या शतकाच्या आरंभीचं, विटांचं, दोन मजली, रिचर्डसनी धाटणीच्या कमानींचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. न्यायदालन वरच्या मजल्यावर. १९५५ च्या सप्टेंबरात या दालनात एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला.

एमेट चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, शिकागोहून आजोळच्या माणसांकडे सुट्टीला आलेला. मनी नावाच्या खेड्यातल्या ब्रायंट यांच्या किराणा दुकानात तो दुकानदारणीशी आगाऊपणे वागला, असा आळ आला. २८ ऑगस्टच्या रात्री दुकानदारीण बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी, एमेट ज्यांच्याकडे उतरला होता त्या मोझ राइट यांच्या घरातून त्याला उचलून नेलं. तीन दिवसांनी त्याचं प्रेत टॅलाहॅची नदीत सापडलं, गळ्याला कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राचा लोखंडी पंखा बांधलेला. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली आणि जगाला मुलाचा चेहरा पाहायला लावला. समनरमध्ये खटला पाच दिवस चालला. ज्यूरीत बारा जण, बाराही गोरे पुरुष. काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण मतदारयादीत त्यांना शिरू दिलं जात नव्हतं आणि ज्यूरी मतदारांतूनच निवडली जायची. मिसिसिपीत बायकांना तर १९६८ पर्यंत ज्यूरीत बसता येत नव्हतं. कृष्णवर्णीय वार्ताहरांना कडेला पत्ते खेळायच्या टेबलाएवढी जागा दिली होती, आणि मिशिगनहून खटला पाहायला आलेले अमेरिकी संसदेचे कृष्णवर्णीय सदस्य चार्ल्स डिग्ज यांनाही त्याच टेबलाशी बसावं लागलं. चौसष्ट वर्षांचे मोझ राइट, वाट्याने शेती करणारे, साक्षीला उभे राहिले. तुमच्या घरी कोण आलं होतं, असं विचारल्यावर ते उठले आणि भर कोर्टात गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवलं. फोटो काढायला मनाई होती, तरी अर्नेस्ट विदर्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. २३ सप्टेंबरला ज्यूरीने सदुसष्ट मिनिटांत दोघांना निर्दोष ठरवलं. आम्ही मध्ये सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं ज्यूरीतल्या एकाने सांगितलं. चार महिन्यांनी त्या दोघांनी एका नियतकालिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नव्हता.

आता सांगा, अशी इमारत कशासाठी ठेवायची? पाडा म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे, निदान त्याच्या वेदनेपुरता. टॅलाहॅचीतल्या कृष्णवर्णीय म्हातारीने आपल्या घराचा कर भरायला त्याच पायऱ्या चढाव्या, नातवाच्या जामिनासाठी त्याच दालनात उभं राहावं, हे सोपं नाही. इमारत बांधतानाच ती भीती वाटावी म्हणून बांधलेली असते. उंच जोतं, मोठा मनोरा, आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो. आपल्याकडेही कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात ते उगाच नाही. जिच्या घरातल्या माणसाला तिथे न्याय नाकारला गेला, तिला ही वास्तू आपला वारसा आहे असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण जागा नाहीशी झाल्याने काय होतं तेही त्याच परिसरात पाहायला मिळतं. मनी गावातलं ब्रायंट यांचं दुकान कुणी पाडलं नाही, कुणी राखलंही नाही. ते नुसतं सोडून दिलं गेलं. छत गेलं, भिंती वेलींनी झाकल्या, आणि आज रस्त्याच्या कडेला एक पडका सांगाडा उभा आहे. त्याने कुणाचं दुःख हलकं झालं? एमेटचं प्रेत जिथे बाहेर काढलं असं मानतात त्या नदीकाठी २००८ साली फलक लावला. तो उपटून नदीत फेकला गेला. दुसऱ्यावर गोळ्या झाडल्या, तिसरा लावून पस्तीस दिवस होतात न होतात तोच त्यावरही गोळ्या. अखेर २०१९ साली गोळी न भेदणारा, सुमारे सव्वादोनशे किलोचा पोलादी फलक तिथे बसवावा लागला. ज्यांना हा इतिहास नको आहे त्यांना खुणा पुसल्या जायला हव्याच आहेत. जागा नाहीशी झाली की पहिला फायदा त्यांचा होतो. फलक उपटता येतो; रोज उघडणारी, रोज लोक येणारी, काउंटीचं दप्तर पोटात बाळगणारी इमारत उपटता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. ते दालन फक्त त्या बारा ज्यूरींचं होतं का? मोझ राइट जिथे उठून उभे राहिले ती जागा कुणाची? त्या साक्षीनंतर त्यांना मिसिसिपी सोडून शिकागोला जावं लागलं, पीक शेतात उभं असताना. अठरा वर्षांच्या विली रीडने मारहाण होतानाचं ओरडणं ऐकल्याची साक्ष दिली, त्यालाही रातोरात गाव सोडावं लागलं. या माणसांनी त्या खोलीत जे धैर्य दाखवलं त्याचा पुरावा ती खोलीच आहे. अन्याय झाला म्हणून ती पाडायची, तर अन्यायासमोर उभं राहिलेल्या माणसाची जागाही आपण आपल्याच हाताने पुसतो.

वकील म्हणून मला याहून बारीक एक गोष्ट सांगायची आहे. त्या खटल्यातले न्यायाधीश कर्टिस स्वँगो यांच्याबद्दल तेव्हाच्या उत्तरेकडच्या वार्ताहरांनीही चांगलंच लिहिलं आहे. सरकारी वकिलांनी खटला मनापासून लढवला. शपथ झाली, सरतपास झाला, उलटतपास झाला, ज्यूरीला कायदा समजावून सांगितला गेला. कार्यपद्धतीत बोट ठेवायला फारशी जागा नव्हती. तरीही निकाल असा आला, कारण त्या बारा खुर्च्यांवर कोण बसणार हे खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी मतदारयादीत ठरलं होतं. मग दोषी कोण? वीट, चुना, कमान? इमारतीला दोष देण्यात एक मोठी सोय आहे: ती पाडली की हिशेब मिटला असं वाटतं. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला, मतदारयादी बदलली, आणि तेव्हा कुठे त्याच खुर्च्यांवर बसणारी माणसं बदलू लागली. खुर्च्या तिथेच राहिल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

समनरने पुढे काय केलं? बराच काळ काहीच केलं नाही. पन्नास वर्षं गावात कुणी त्याविषयी बोलत नव्हतं. १९७० च्या दशकात दालनाची डागडुजी करताना जुनं रूप झाकून टाकण्यात आलं. पुढे इमारत जीर्ण झाली, काउंटी गरीब, गाव ओस पडत चाललेलं. २००६ साली काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने एमेट टिल स्मृती आयोग नेमला गेला, त्यात गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही. यात इमारत दुरुस्तीला पैसा मिळवण्याचाही हेतू होता, हे टीकाकार दाखवून देतात. असेल. गळकं छत आणि अपुरा न्याय ही दोन्ही दुखणी एकाच इमारतीची असतील तर एकत्र उपचार करण्यात गैर काय? २ ऑक्टोबर २००७ रोजी त्या कोर्टहाउससमोर एमेटच्या कुटुंबीयांच्या उपस्थितीत जाहीर माफीचा ठराव वाचला गेला. मग जीर्णोद्धाराचं काम निघालं, आणि तेव्हा त्यांनी घेतलेला एक निर्णय आपल्याकडच्या प्रत्येक वारसाप्रेमीने समजून घ्यावा असा आहे.

जुनी इमारत दुरुस्त करताना पहिला प्रश्न येतो, कोणत्या सालापर्यंत मागे जायचं? रिवाज असा की ती नवी असताना जशी होती तशी करायची. पहिला रंग, पहिल्या फरश्या, पहिलं वैभव. समनरने दालन १९५५ सालासारखं केलं. गावाच्या सर्वांत लाजिरवाण्या आठवड्यात ते जसं होतं, तसं. १९५५ साली गावाच्या वेशीवर पाटी होती, मुलगा वाढवायला उत्तम गाव अशा अर्थाची. त्या पाटीच्या गावाने पन्नास वर्षांनी ठरवलं की आपलं कोर्ट आपण त्या दिवसासारखं ठेवणार आणि त्याच खोलीत आजचे खटले चालवणार. २०२३ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एमेट आणि मेमी टिल यांच्या नावाने राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्यात शिकागोतलं चर्च आहे, नदीकाठची जागा आहे आणि समनरचं हे कोर्टहाउसही आहे. ‘केवढं सागवान’ म्हणत जपणाऱ्यांना मी विचारतो, आपल्या एखाद्या इमारतीचा जीर्णोद्धार आपण असा, शरमेच्या वर्षापर्यंत, करू का?

इथे कुणी म्हणेल, मग अंगणातले पुतळेही ठेवा. समनरच्या अंगणात १९१३ साली उभारलेलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी सैन्याचं स्मारक आहेच. दक्षिणेतल्या कितीतरी काउंट्यांच्या कोर्टांसमोर अशी स्मारकं आहेत. माझ्या मते इमारत आणि पुतळा यांत फरक करायला हवा. पुतळ्याचं काम एकच, कुणाचा तरी गौरव करणं. त्याचा दुसरा उपयोग करता येत नाही. कोर्टाची इमारत मात्र रोज नव्याने वापरली जाते आणि उद्याचा वापर कालच्याहून वेगळा असू शकतो. जॉर्जियातल्या डिकॅटरमध्ये जुन्या कोर्टहाउससमोरचा १९०८ चा असा स्तंभ २०२० साली हटवला, २०२४ साली तिथे नागरी हक्क चळवळीतले जॉन लुइस यांचा पुतळा बसवला. कोर्टहाउसला कुणी हात लावला नाही. हा विवेक आपल्याकडच्या वादात मला दिसत नाही. सगळं एका टोपलीत घालून एक तर पूजा नाही तर पहार.

सोयीचा मुद्दा उरतो, आणि तो भावनेच्या मुद्द्याहून अवघड आहे. जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, अपंग पक्षकाराला वरच्या मजल्यावर कसं न्यायचं? आरोपी, साक्षीदार आणि फिर्यादी एकाच व्हरांड्यात एकमेकांच्या नजरेला नजर देत ताटकळतात. वायरिंग जुनं, दप्तर कोंबलेलं, आगीची धास्ती कायम. ही धास्ती खोटी नाही. टेक्सासातल्या हिल्सबरोचं १८९० चं कोर्टहाउस १९९३ च्या पहिल्याच दिवशी पेटलं आणि त्याचा मनोरा कोसळला. पण त्यानंतर त्या काउंटीने ते पुन्हा उभारलं, १९९९ साली तिथे कामकाज सुरू झालं. १९९८ साली टेक्सासातली जुनी कोर्टहाउसं देशातल्या सर्वांत धोक्यातल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आली आणि पुढच्याच वर्षी राज्याने खास योजना काढली: काउंटीने आधी पूर्ण आराखडा करायचा, आपला वाटा घालायचा, उरलेला पैसा राज्य देणार. सत्तरहून अधिक कोर्टहाउसं त्यातून पूर्ण सावरली. लिफ्ट बसली, वायरिंग बदललं, आणि बहुतेक ठिकाणी काउंटीचं कामकाज तिथेच चालू राहिलं. आपल्याकडेही उदाहरण ताजं आहे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी जिल्हा न्यायालयाची इमारत कोर्ट कसबा बावड्याला गेल्यावर मागे राहिली होती. चार दशकांच्या मागणीनंतर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मंजूर झालं, तेव्हा तीच इमारत सावरली गेली आणि १७ ऑगस्ट २०२५ ला तिथे बेंचचं उद्घाटन झालं. सहा जिल्ह्यांचं काम ज्या इमारतीत चालू शकतं तशा इमारती कालबाह्य कशा?

शिवाय सोय कुणाची, हेही विचारायला हवं. आमच्या तालुक्याचं नवं कोर्ट बायपासला आहे, एसटी स्टँडपासून चार किलोमीटर. न्यायाधीशांना, आम्हा वकिलांना गाड्या आहेत. पोटगीच्या दाव्यातली माझी एक पक्षकार, साठी उलटलेली बाई, डोंगरापलीकडच्या गावाहून पहिल्या एसटीने यायची. जुनं कोर्ट स्टँडसमोर होतं. उतरली की समोर पायरी. नव्या ठिकाणी शेअर रिक्षा भरायची वाट पाहता पाहता एकदा तिला पोचायला उशीर झाला. पट्टेवाल्याने तिच्या नावाचा पुकारा केला, ती हजर नव्हती, मी शेजारच्या कोर्टात उलटतपासात अडकलेलो. अर्ज गैरहजेरीत काढून टाकला गेला. तो पुन्हा बोर्डावर आणायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत तिला एक पैसा मिळाला नाही. शेल्बीव्हिलच्या चौकाचं गुपित हेच होतं: कोर्ट बाजाराच्या मधोमध, चालत येणाऱ्या माणसाच्या टप्प्यात.

संग्रहालयवाल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं उत्तर अर्धं आहे. अलाबामातल्या मन्‌रोव्हिलचं १९०३ चं कोर्टहाउस फार सुंदर जपलं आहे. हार्पर ली यांचं ते गाव, त्यांचे वडील तिथे वकिली करायचे, आणि त्यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतल्या, निरपराध कृष्णवर्णीय माणसावरच्या खटल्याचं नाटक दरवर्षी तिथे होतं. कोर्टाचं काम १९६० च्या दशकात शेजारच्या नव्या इमारतीत गेलं. त्याच काउंटीतल्या वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला १९८८ साली, न केलेल्या खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. मृत्युदंडाच्या छायेत काही वर्षं काढून तो १९९३ मध्ये सुटला. काल्पनिक निरपराध माणसासाठी ज्या गावात अश्रू येतात त्याच गावाला शेजारच्या जिवंत माणसावरचा अन्याय दिसला नाही. संग्रहालयात आपण प्रेक्षक असतो. चालू कोर्टात आपल्यालाच ज्यूरीत, कठड्यात, खुर्चीवर बसावं लागतं.

हा सगळा हिशेब आपल्या दारात आलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाची फोर्टमधली इमारत कर्नल फुलर यांच्या आराखड्यावर १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली; २०१८ पासून ती जागतिक वारशाचा भाग आहे. वांद्र्याच्या नव्या संकुलाची कोनशिला ५ नोव्हेंबर २०२५ ला बसली. नवं संकुल हवंच, फोर्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते हे तिथे एकदा मॅटर लावलेला कुणीही सांगेल. माझी काळजी एका दालनाची आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री तिथे लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी अकरा वर्षांपूर्वी वकील असताना याच टिळकांसाठी काम केलं होतं. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांच्या आणि राष्ट्रांच्या नशिबाची सूत्रं हलवणारी याहून वरची शक्ती आहे, हे टिळक त्या कठड्यातून बोलले. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तेच शब्द कोरलेली शिळा त्या दालनाबाहेर बसवली आणि त्या निकालाबद्दल न्यायालयाच्या वतीने खेद बोलून दाखवला. त्यानंतरही तिथे न्यायमूर्ती बसत राहिले, राजद्रोहाच्या कलमावरचे युक्तिवाद ऐकत राहिले. समनरने २००७ साली केलं ते आपण पन्नास वर्षं आधी केलं होतं. वांद्र्याला गेल्यावर त्या दालनात बाक मांडून पर्यटक बसवणार का? आठवड्यातून दोन दिवस तरी तिथे खंडपीठ बसवा, आणि शक्य तर सरकारविरुद्धच्या याचिकाच तिथे लावा. ती शिळा वाचून आत जाणारा सरकारी वकील आणि न्यायमूर्ती दोघांनाही ते बरं.

आमच्या गावच्या जुन्या कोर्टाला दोन वर्षांपासून कुलूप आहे. १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या माणसांना तिथे शिक्षा झाल्याचं माझे सीनियर सांगायचे. गवत कापलं म्हणून कैद. तिथल्या साक्षीदाराच्या कठड्याची वरची पट्टी मधोमध खोलगट झालेली आहे. शपथ घेताना आणि उलटतपासाला तोंड देताना लोक नेमकं तिथेच घट्ट धरतात. शंभर वर्षांच्या तळहातांनी ते लाकूड इतकं गुळगुळीत झालं आहे की बोट फिरवलं तर रेष लागत नाही. पोटगीची आणि मोटार अपघाताची प्रकरणं आठवड्यातले दोन दिवस तिथे चालवावीत, असा अर्ज वकील संघातर्फे जिल्हा न्यायाधीशांकडे देण्यासाठी मी सह्या घेतो आहे. एक्केचाळीस झाल्या. कुलपाची किल्ली नाझरांच्या कपाटात आहे, आणि पहिली एसटी अजूनही त्याच पायरीसमोर थांबते.